वाकड्या लाकडांतलं ऊन

या, सरका जवळ. गोधडी गळ्यापर्यंत घ्या. आणि लाथा मारायच्या नाहीत एकमेकांना, लाथा मारणाऱ्याला गोष्ट नाही.

एक होता राजा. त्याला जे ते सरळ लागायचं. रस्ते सरळ, भिंती सरळ, मिशासुद्धा मेण लावून सरळ. बाग होती, पण तिच्यात एक वेल नव्हता, का, तर वेल वाकडा चालतो! आता अशा माणसाला काय म्हणायचं? पण राजा होता, म्हणून कुणी काही म्हणत नव्हतं.

मग या राजाने नदीकाठी सागाचा महाल बांधला. जंगलातून ओंडके यायचे ते आधी वखारीत उतरायचे. सरळसोट असेल तो महालात. वाकडा, गाठाळ, किडका, पोकळ असेल तो नदीच्या दरडीवर टाकून द्यायचा. टाकून टाकून तिथे एवढी रास झाली, की चंद्र वर यायला लागला की आधी तिच्यावर कोपर टेकून दम खायचा.

त्या वखारीत कोंडाबाई होती. लाकूड फोडायची. हात दणकट, तोंड त्याहून दणकट. पण तिची एक रीत होती, बरं का. फोडायच्या आधी ती कुऱ्हाड उलटी धरायची, ओंडक्यावर टकटक करायची आणि विचारायची, “आहे का कुणी घरात? असाल तर निघा बाई, मी फोडायला आलेय.” मग थांबायची. मुंग्या निघायच्या, सरडा निघायचा, एखादा किडा मिशा हलवत निघायचा. मग घाव. आईची रीत, आईच्या आईची रीत.

बाकीचे हसायचे. “काय कोंडामावशी, लाकडाने पाणीबिणी विचारलं का नाही?”

“तुझ्या घरात मी न विचारता कुऱ्हाड घेऊन शिरले तर चालेल का रे, मुडद्या?”

तर त्या वर्षी थंडी पडली. कशी म्हणाल, तर सावल्या जमिनीला चिकटून बसायच्या. माणसं घरी जायची, सावली रस्त्यातच. चुलीतला धूर वर निघायचा, बाहेर डोकं काढायचा आणि कुडकुडत परत चुलीत जाऊन बसायचा. आणि नेमकी कोंडाबाईची लेक सारजा बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरलेले. बाळंतिणीला शेक हवा, तान्ह्याला न्हायला ऊन पाणी हवं. घरात जळणाची काडी नाही. अख्ख्या वस्तीत नाही. जंगल राजाचं, वाळकी काटकी उचलायचीसुद्धा बंदी.

एके दिवशी राजा नव्या महालाच्या खिडकीत उभा राहिला. समोर काय, तर ती वाकडी रास. “शी! ढकला ते नदीत!”

कोंडाबाई तडक गेली. “महाराज, ढकलू नका. मी फोडते. वस्तीला जळण होईल.”

वखारीचा मुकादम म्हणाला, “ही लाकडं फुटायची नाहीत, महाराज. आमच्या कुऱ्हाडी मोडल्या.”

राजा हसला. “फोड बाई. उद्या सूर्य बुडेपर्यंत सगळं फोड. पण एक जरी ओंडका अख्खा राहिला, तर फोडलेलंसुद्धा नदीत. अर्धवट काम मला चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोंडाबाई राशीपाशी आली. पहिला ओंडका कोयत्यासारखा वाकलेला. टकटक केलं. “आहे का कुणी घरात?”

आतून हळूच आवाज आला. “मीच आहे. लाकूड.”

कोंडाबाई घाबरते काय! “मग एवढं वाकडं कशाला झालंस, मेल्या?”

“माझ्या डोक्यावर मोठं झाड होतं. ऊन पलीकडे पडायचं. त्याच्यामागे गेलो, जाता जाता वाकलो. ऊन आत आहे सगळं. चीर आहे ना, तिथून पाचर घाल.”

तिने चिरेत पाचर ठोकली. ओंडका उघडला, आणि आतून ऊन सांडलं. खरंखुरं सकाळचं ऊन! तिच्या पायाशी खेळलं आणि ढलप्यांत परत जाऊन निजलं.

दुसरा ओंडका नुसत्या गाठी. टकटक.

“गाठीवर मारू नकोस गं,” तो म्हणाला. “जिथे जिथे फांदी मोडली, तिथे एकेक उन्हाळा बांधून ठेवलाय. कडेने ये.”

ती कडेने गेली. एकेक गाठ सुटली, आणि वाळत घातलेल्या कुरडयांचा वास आला, आंब्याच्या मोहराचा आला, दुपारी तापलेल्या अंगणाचा आला. वस्तीतली म्हातारी माणसं पांघरुणं टाकून बाहेर आली, नाक वर करून उभी राहिली.

मग काय! तिने टकटक करावं, लाकडाने आपली चीर दाखवावी. ढलप्यांचे ढीग लागले. ऊन कलंडलं, आणि शेवटचा ओंडका उरला. पोकळ, केवढा तरी मोठा.

तेवढ्यात शेजारची हौसा ओरडत आली. “कोंडे, चल गं! सारजाला कळा सुरू झाल्या!”

“आले! एवढाच राहिलाय!” कोंडाबाईने घाईने टकटक केलं. “आहे का कुणी घरात?”

“आहे,” आतून बारीक आवाज आला. “बाळंतीण आहे.”

कोंडाबाईने वाकून पाहिलं. आत कापसासारखं मऊ अंथरूण, त्यावर खारूताई, आणि तिच्या पोटाशी पिल्लं. बोटाएवढी. डोळेही उघडले नव्हते.

“कुठे जाऊ गं मी एवढ्या थंडीत?” खारूताई म्हणाली.

कोंडाबाईने एकदा घराकडे पाहिलं. एकदा सूर्याकडे पाहिलं, तो नदीला टेकला होता. मग तिने कुऱ्हाड खाली ठेवली. बाळंतिणीला खोलीतून उठवायचं नसतं. कुणी म्हणजे कुणी उठवायचं नसतं.

सूर्य बुडाला. राजा शिपाई घेऊन आला. “हा अख्खा आहे.”

“आत बाळंतीण आहे.”

“हुकूम म्हणजे हुकूम. ढकला सगळं!”

कोंडाबाई त्या ओंडक्यावर बसली, मांडी घालून. “अरे राजा, तू पोटात होतास तेव्हा तुझ्या आईला कुणी नदीत ढकललं नाही, म्हणून आज सरळ मिशा घेऊन उभा आहेस! ये, मलाही ढकल!”

तिला हात लावायची छाती कुणाची होती? शिपायांनी नुसत्या ढलप्या ढकलल्या. धडाधडा सगळ्या पाण्यात. गेलं वस्तीचं जळण. कोंडाबाईच्या डोळ्यांत कधी नव्हे ते पाणी आलं.

पण गंमत ऐका. नदी होती सरळ, आणि लाकडं वाकडी! त्यांना सरळ जाणं ठाऊकच नव्हतं. थोडी पुढे गेली, आणि एकेक करत वळली. जन्मभर ती उन्हामागे वळत आली होती, आता उबेसाठी कोण थांबलंय हे त्यांना नको का कळायला? पोहत पोहत वस्तीच्या घाटाला लागली. आतलं ऊन पाण्यात उतरलं, नदीवर वाफ आली, आणि सगळा काठ न्हाणीघरासारखा उबदार झाला. रस्त्यात चिकटलेल्या सावल्या सुटल्या आणि आपापल्या माणसांच्या घरी गेल्या.

तेवढ्यात कोंडाबाईच्या घरातून आवाज आला. ट्यँहां! सारजाला मुलगी झाली. तिला नदीच्याच ऊन पाण्याने न्हाऊ घातलं.

राजाने नदीत बोट बुडवलं. मग हात बुडवला. मग जोडे काढून पायच सोडून बसला. त्याच्या सरळ महालात तो कधी असा उबेला बसलाच नव्हता. मिशांचं मेण वितळलं, आणि मिशा छान गोल वळल्या.

“कोंडाबाई,” तो हळूच म्हणाला, “एक ढलपी मला देता का?”

“देते. पण जंगलातली वाळकी काटकी आजपासून वस्तीची. आणि त्या ओंडक्याला पिल्लं पळती होईपर्यंत हात लावायचा नाही.”

राजाने मान डोलावली. तो ओंडका तसाच खिडकीसमोर राहिला, आणि राजा रोज खाली येऊन त्यावर टकटक करायचा. “आहे का कुणी घरात?” “आहे!” मग तो पाय न वाजवता परत जायचा. वस्तीतल्या चुली पेटल्या, सारजाची मुलगी बाळसं धरायला लागली, आणि सगळे उबेत राहिले.

आता डोळे मिटा. मी तुमच्या गोधडीवर टकटक करते हं. टकटक. आहे का कुणी जागं?

कुणी नाही. बरं झालं. निजा, माझ्या वाकड्या लाकडांनो.