लाल गाडीची दृष्ट

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मनात लाल रंगाची स्पोर्ट्स कार भरली, आणि ती घ्यावी की न घ्यावी हे विचारायला तो आपल्या शाळेतल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

गुरुजी निवृत्तीनंतर गावाबाहेर एका लहानशा घरात राहत. त्यांच्याजवळ एक शिष्य होता. तो परदेशी शिकला होता आणि तिथली चांगली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी परत आला होता. आता तो सायकलवर हिंडे, हातमागाचे कपडे घाली आणि माणसाला किती थोडे पुरते, यावर भेटेल त्याच्याशी तळमळीने बोले. हा शिष्य आणि तो व्यापारी लहानपणी एकाच बाकावर बसत. एकाचा पहिला नंबर येई, दुसरा त्याच्या वहीत डोकावे.

व्यापाऱ्याने ओसरीवर गाडीचे चकचकीत माहितीपत्रक उघडले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि ते चित्र बराच वेळ न्याहाळले.

"हिच्यात दोनच माणसं बसतात? मग सासुरवाडीला सगळे कसे जाणार?"

"म्हणून तर घेतोय, गुरुजी."

गुरुजी हसले. "पण तुझा हात लागला की ही केशरी होईल हो."

व्यापाऱ्याने आपले तळवे पाहिले. नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या झाल्या होत्या. "तेच तर," तो म्हणाला. "जन्मल्यापासून सगळं पिवळंच बघतोय. सदरे पिवळे, उशा पिवळ्या, पोरगं पहिल्यांदा चाललं तर त्याची पावलंही पिवळी उमटली. एक तरी वस्तू आपली अशी लाल असावी, असं फार वाटतं. घरचे म्हणतात, पांढरी घे, चार दारांची. उद्या दुपारपर्यंत कळवलं, की दसऱ्याला दारात येते. काय गाडी आहे, गुरुजी. तीनशे अश्वशक्तीचं इंजिन..."

"तीनशे ऐंशी," कोपऱ्यातून शिष्य म्हणाला. तो सूप घेऊन तांदूळ निवडत होता. त्याने मानही वर केली नव्हती. "आणि शंभराचा वेग साडेचार सेकंदांत गाठते."

गुरुजींनी एकवार त्याच्याकडे पाहिले. मग ते व्यापाऱ्याला म्हणाले, "मला काय कळतं यातलं? तुझ्या या मित्राला विचार."

"हां, दिगंबरपंत, सांगा," व्यापारी म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते."

शिष्य परदेशात होता तेव्हा त्याच्या वाटेवर एक दुकान होते. काचेमागे अशीच लाल गाडी उभी असे. ती पाहण्यासाठी तो रोज दोन चौक लांबून घरी जाई. परत आल्यावर, आपल्याला आता काही नको, असे त्याने सर्वांना सांगितले आणि स्वतःलाही पटवले. आज ती गाडी काच ओलांडून आली होती, आणि निघाली होती ती त्याच्या वहीत डोकावणाऱ्याच्या दारी. हळदीची पोती मोजणाऱ्या माणसाला तिच्या इंजिनाचा आकडासुद्धा धड ठाऊक नव्हता.

त्याने सूप खाली ठेवले.

"पांढरी घे," तो शांतपणे म्हणाला. "ही लाल गाडी जमिनीला टेकल्यासारखी असते. तुझ्या घरापासून मार्केट यार्डापर्यंत नऊ गतिरोधक आहेत, प्रत्येकावर घासेल. तुझे हमाल पायी येतात, त्यांच्यासमोर ही गाडी बरी दिसणार नाही. आणि मुख्य म्हणजे तुझ्या आई. त्यांचे गुडघे दुखतात. एवढ्या खाली त्या बसणार कशा आणि उठणार कशा?"

व्यापाऱ्याने चित्रातल्या गाडीवरून बोट फिरवले, तसे तिच्यावर हळदीची एक पुसट रेघ उमटली. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "वर्गातही तुझंच उत्तर बरोबर यायचं." माहितीपत्रक तिथेच विसरून तो निघून गेला.

त्या संध्याकाळी शिष्य एक भाकरी जास्त जेवला. गुरुजींनी ते पाहिले.

सकाळी उठल्याबरोबर त्यांनी शिष्याला हाक मारली. "अरे, मीठ, मोहऱ्या आणि चार लाल मिरच्या आण. गाडीची दृष्ट काढायची आहे."

शिष्य चकित झाला. गुरुजी असल्या गोष्टींना आयुष्यभर हसत आले होते. "कुठल्या गाडीची? गाडी तर आलीच नाही."

"या गाडीची," असे म्हणून गुरुजींनी माहितीपत्रक पाटावर ठेवले. "मूठ भर, ओवाळ, आणि कुणाकुणाची दृष्ट लागली ते म्हण."

काहीतरी चेष्टा असेल, असे समजून शिष्याने मूठ भरली आणि चित्रावरून फिरवली. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..."

"आलं कोण, गेलं कोण?" गुरुजींनी त्याला अडवले. "हे चित्र इथे तिघांनीच पाहिलं. नावं घे."

"त्याची स्वतःची."

"त्याची नजर नाही. त्याला ती नुसती आवडली."

"मग... तुमची?"

"असेल. म्हातारपणी मोह पडला बघ मला. माझं नाव घे. पुढे?"

शिष्याचा हात चित्रावर थांबला. चुलीत लाकूड तडतडले. मुठीतले मीठ घामाने ओलसर होऊ लागले, तरी मूठ पुढे सरकेना. गुरुजी घाई न करता शेंगा सोलत बसले. बऱ्याच वेळाने अगदी खालच्या आवाजात शब्द आला, "दिगंबराची."

"टाक आता."

मूठ चुलीत पडली. मिरच्यांचा असा धूर उठला, की दोघेही खोकू लागले. डोळे पुसत गुरुजी म्हणाले, "एवढा ठसका लागला. म्हणजे दृष्ट नव्हतीच म्हणतात."

"होती," शिष्य म्हणाला.

तेव्हा गुरुजींनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मिठामिरचीला काही कळत नाही. पण नाव घ्यावं लागतं, एवढं यातलं मला पटतं. तुझं एकही कारण खोटं नव्हतं. म्हणूनच मी काल गप्प बसलो. मी काय खोडून काढणार होतो? खोट्या कारणाला कुणीतरी हटकतं. खरं कारण पुढे करून मत्सर त्याच्या पाठीशी बसला, की तो कुणालाच दिसत नाही, ज्याचा आहे त्यालाही नाही. तुला त्या माउलीच्या गुडघ्यांची काळजी वाटली. दोन वर्षांत एकदा तरी तिला भेटायला गेलास का?"

शिष्याने नकारार्थी मान हलवली.

"आणि साधेपणाचं म्हणशील, तर आपल्याला हवं असलेलं आपण सोडावं. ते दुसऱ्याला सोडायला लावणं हा साधेपणा नव्हे."

"मग कुणाला सल्ला द्यायचाच नाही का?"

"दे की. आधी आपलं नाव घे आणि मग दे. ऐकणारा त्याचं वजन करील."

शिष्याने सायकल काढली. तो मित्राच्या घरी पोहोचला तेव्हा व्यापारी फोन समोर ठेवून बसला होता, ठरलेले लग्न मोडल्यासारखा.

"फोन केलास?"

"करतोच आहे. पांढरी."

"थांब. काल बोललो ते सगळं खरं होतं," शिष्य धापा टाकत म्हणाला. "पण ते मी तुझ्यासाठी बोललो नाही. ती गाडी मला हवी होती. तुला मिळू नये, असं वाटलं."

व्यापारी त्याच्याकडे पाहतच राहिला. मग त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. "तीनशे ऐंशी म्हणालास तेव्हाच मला यायला हवं होतं लक्षात. गतिरोधक खरंच नऊ आहेत?"

"नऊच."

"आणि हमालांचं?"

"तेही मला खरंच वाटतं. आईंना मात्र तू विचार. मी कोण बोलणारा?"

व्यापारी उठून आत गेला. घरात थोडा वेळ बोलणे चालले, मग त्याच्या आईचे मोठ्याने हसणे ऐकू आले. बाहेर येऊन त्याने फोन उचलला आणि एकच शब्द सांगितला, "लाल."

दसऱ्याला गाडी दारात आली. झेंडूची माळ घालूनही ती ठिणगीसारखी दिसत होती. पहिल्या फेरीला व्यापाऱ्याशेजारी गुरुजी बसले; त्यांना बाहेर ओढायला दोन हमाल लागले. व्यापाऱ्याच्या आईने आत वाकून पाहिले आणि ती म्हणाली, "मी यात बसले तर मला चिमट्यानं काढावं लागेल." शिष्य आणि व्यापारी एकमेकांकडे पाहून हसले.

मग व्यापारी एकटाच स्टिअरिंगशी बसला. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन तो परत आला. त्याचा चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा झाला होता. शिष्याच्या छातीत तीच ओळखीची कळ उठली. ती गेली नव्हती.

आईने मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि गाडीवरून ओवाळत ती पुटपुटू लागली, "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..."

"काकू," शिष्य पुढे होऊन म्हणाला, "माझंही नाव घाला."

भाजीत आणखी चिमूटभर मीठ घाल म्हणावे, तितक्या सहज तिने ते ऐकले. "आणि आमच्या दिगूची," ती म्हणाली, मूठ पुन्हा एकदा फिरवली, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या हातावर पेढा ठेवला.

दुसऱ्याच्या सुखाबद्दल मत देण्याआधी आपली मूठ एकदा उघडून पाहावी. तिच्यात आपले नाव असण्याचा संभव फार असतो.