सोवळा साबण

"दिवस मावळायच्या आत या वड्या निवडून दोन ढीग लावा! सोवळे हात लागलेल्या उजवीकडे, बाटलेले हात लागलेल्या डावीकडे. जमलं तर तुमचा संघ राहील. नाही जमलं, तर संघ बरखास्त आणि तुम्ही कारखान्याबाहेर!"

कुंभेरी संस्थानचे राजे भुजंगराव एवढं बोलून साबण कारखान्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. समोर साबणाच्या वड्यांचा माणसाच्या उंचीचा ढीग. ढिगामागे माना खाली घालून उभे असलेले कामगार. त्यांत वड्या कापणारी, गावकुसाबाहेरची केराबाईही होती. ती घाबरली होती, कारण हे सगळं तिच्याच तोंडामुळे ओढवलं होतं.

कारखान्यात पाण्याचे माठ दोन होते. एक गावातल्या कामगारांचा, एक गावकुसाबाहेरच्यांचा. दुसरा दुपारपर्यंतच कोरडा पडायचा. कामगार संघाच्या बैठकीत केराबाईनं एकाच माठाची मागणी केली, तेव्हा अध्यक्ष उस्मानभाई म्हणाले होते, "आधी कामाचे तास कमी करून घेऊ. माठाचं मग बघू."

"तहान काय तास बघून लागती व्हय, भाई?" केराबाईनं विचारलं. बैठक हसली आणि मागणी मंजूर झाली!

कारभारी अंताजीपंतांनी त्यावर भलतंच उत्तर धाडलं. माठ दोनच राहतील. शिवाय राजवाड्यासाठी यापुढे सोवळा साबण वेगळा काढायचा, बाटलेल्या हातांनी त्याला शिवायचं नाही! कामगारांनी विचारलं, एकजण रस उकळतो, दुसरा ओततो, तिसरा कापतो, चौथा गुंडाळतो, तर यातला कुठला साबण कुणाचा म्हणायचा? उत्तर आलं नाही, तेव्हा सगळ्यांनी कढया थंड केल्या आणि ते मांडी घालून बसले.

भुजंगराव तसे नव्या मताचे. उद्योगाला जात नसते, असं मुंबईच्या प्रदर्शनात भाषण ठोकून पदक घेऊन आलेले. पण 'संघ' हा शब्द कानी पडला की त्यांचं डोकं फिरायचं. "माझ्या राज्यात माझ्या हुकमाशिवाय चार माणसं एकत्र येतातच कशी?" म्हणून ते स्वतः आले होते.

"सरकार, हे कसं जमावं?" उस्मानभाई हात जोडून म्हणाले. "वडीवर काय नाव असतं?"

"ते मला सांगू नका!"

अंताजीपंत गालातल्या गालात हसले. ते हसणं केराबाईनं पाहिलं, आणि तिची भीती कुठल्या कुठे गेली. पदर खोचून ती पुढे झाली.

"सरकार, निवडून देतो की! त्यात काय अवघड हाय?"

उस्मानभाईंनी डोळे मिटून घेतले.

"कशी निवडशील?" राजांनी विचारलं.

"मी कशी निवडंन? इटाळ वळखायची इद्या आम्हांस्नी न्हाई. ती कारभारीसायबांकडं. त्यांनी येक येक वडी हातात घ्यावी. इटाळ झाला, तर डावीकडं. न्हाई झाला, तर उजवीकडं. आम्ही ढीग लावतो!"

"रास्त आहे," भुजंगराव म्हणाले. "पंत, बसा!"

पंतांना नाही म्हणता येईना. दोन बोटांनी त्यांनी एक वडी उचलली, हुंगली, आणि लगेच डावीकडे टाकली. "बाटलेली!"

"आता हात धुवा, कारभारीसायेब," केराबाई म्हणाली. "न्हाईतर फुडची चांगली वडी तुमच्याच हातानं बाटंल!"

पाण्याची घागर आली. पंतांनी हात पुढे केले. "साबण द्या."

"कुठला देऊ?"

"कुठला म्हणजे? उजवीकडचा!"

"उजवीकडं अजून कायबी न्हाई."

"मग त्या मोठ्या ढिगातला दे!"

"त्यो अजून निवडायचा हाय. बाटलेला निघाला, तर धुतल्यानं इटाळ वाढंल की!"

"माझ्या घरून साबण आणा!" पंत ओरडले.

"आणा की! पर संस्थानात दुसरा कारखाना कुठं हाय? घरची वडीबी मीच कापलेली. वाड्यावरचीबी मीच कापती."

भुजंगरावांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग ते खुर्चीतून पुढे वाकले.

"पंत, मी रोज याच साबणानं अंघोळ करून देवपूजेला बसतो. आता सांगा, मी सोवळा की ओवळा?"

पंत पेचात पडले. ओवळा म्हणावं तर कारभार जातो. सोवळा म्हणावं तर...

"सोवळे, सरकार! सोवळेच!"

"मग हात धुवा!"

पंतांच्या सर्वांत जवळ होती ती डावीकडची एकुलती एक वडी. त्यांनी मुकाट्यानं तीच उचलली आणि खसाखसा हात चोळले. फेस कोपरापर्यंत गेला.

केराबाईनं वाकून नमस्कार केला. "सरकार, निवड झाली! डावीकडं कायबी उरलं न्हाई!"

भुजंगराव असे खदखदा हसले, की पागोटं कानावर आलं! कामगार हसले, उस्मानभाईंनी डोळे उघडले.

"माठ आजपासून एकच!" राजे म्हणाले. "आणि एकटी बाई एवढं करते, तर अख्खा संघ काय करील? त्याला कारखान्यातच एक खोली द्या. निदान डोळ्यांसमोर राहील! आणि कापणी खात्याची मुकादम आजपासून केराबाई!"

अंताजीपंत ओले हात हवेत धरून उभे होते. उस्मानभाईंनी आपल्या खांद्यावरचा पंचा पुढे केला. पंतांनी हात पुसले. पंचा कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही.