मशीनची पंगत

टेकाडपूरच्या राजाचे खोदाईचे मशीन पुन्हा अडून बसले. समोरच्या पडद्यावर तोच सत्त्याण्णवचा आकडा, शेजारी तोच लाल दिवा. इंजिन नुसते कण्हत होते. बकेटमधली माती उचलावी की तिथेच टाकावी, हेच जणू त्याला ठरवता येत नव्हते.

राजाला वाढदिवशी नव्या तळ्यात नाव वल्हवायची होती. तळे अजून गुडघाभरच खोल होते.

आकडा घालवायचे सगळे उपाय करून झाले होते. कारभारी रंगरावांनी आधी वायर जोडून तो पुसला. पुसताना सनई वाजवली, नारळ फोडला आणि ‘राज्यातले सर्व दोष दूर झाले’ अशी दवंडी पिटवली. दुपारची जेवणे आटोपतात तोच आकडा परत हजर! मग रंगरावांनी पडद्यावर महाराजांची तसबीर चिकटवली. पण लाल दिवा कागदातून उजळला आणि महाराजांचे नाक पेटल्यासारखे दिसू लागले. तेव्हा मात्र राजा स्वतः खड्ड्यावर आला.

मशीन चालवणाऱ्या लिंबाजीला पुढे उभे केले. त्याची मुलगी हौसा भाकरी घेऊन आली होती. ती फडके हातात धरून बापामागे उभी राहिली.

“हा आकडा म्हणतो तरी काय?” राजाने विचारले.

“डिझेलात पाणी आहे म्हणतो, महाराज.”

“कुणाच्या डिझेलात?”

लिंबाजीने मान खाली घातली. डिझेल राजाच्या गोदामातले, गोदाम रंगरावांच्या ताब्यात, आणि रंगराव म्हणजे राणीसाहेबांचे एकुलते भाऊ. हे साऱ्या टेकाडपूरला ठाऊक होते. राजालाही होते. म्हणून तर गोदामाचा विषय निघाला की त्याला कमी ऐकू येई.

“महाराज,” रंगराव म्हणाले, “मशीन परमुलखातलं आहे. इथल्या हवेत त्याला भास होतात. त्यात हा लिंबाजी आळशी. मालकाचे गुण जनावरात उतरतात, तसंच हे.”

राजाने मांडीवर थाप मारली. “ठरलं. उद्यापासून हा आकडा दिसता कामा नये. गोदामात कुणी डोकवायचं नाही, आणि कारभाऱ्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आकडा दिसला, तर उरलेलं तळं लिंबाजीनं पहारीनं खणायचं. एकट्यानं.”

हौसाने बापाकडे पाहिले. आबांची कंबर कधीचीच धरली होती. पहार उचलली असती, तरी ती पुन्हा खाली आणणे त्यांना जमले नसते. ती पुढे झाली.

“महाराज, आकडा मी घालवते.”

“तू? मशीनमधलं तुला काय कळतं?”

“मशीनमधलं नाही कळत. रुसव्यातलं कळतं. मशीन रुसलंय.”

“हौसे, गप बस,” लिंबाजी पुटपुटला.

“राबतं ते,” हौसा म्हणाली, “आणि लाड महाराजांच्या मोटारीचे. तिला रोज गुलाबपाण्याची आंघोळ, वर रेशमी झूल. याला कुणी ‘जेवलास का’ म्हणून विचारत नाही. उद्या दोघांची एक पंगत मांडा. मोटारीच्या शेजारी बसून जेवलं, की जाईल रुसवा.”

रंगराव हसले. राजा मात्र खूश झाला. समारंभ म्हटला की त्याला दुसरे काही सुचत नसे.

“आम्ही स्वतः वाढू,” तो म्हणाला.

सकाळी खड्ड्याच्या काठावर रांगोळी निघाली. एका बाजूला चिखलाने माखलेले मशीन, दुसऱ्या बाजूला राजाची चकचकीत मोटार. दोघांपुढे उदबत्त्या, मागे सनई. गोदामातून मशीनचे रोजचे पिंप गडगडत आले. राजाने बाह्या सावरून नळी हातात घेतली.

“आधी मोटारीला वाढा, महाराज,” हौसा म्हणाली. “मानाचं पान तिचं.”

रंगराव घाईने पुढे आले. “मोटारीचं पिंप वेगळं आहे, महाराज. आतल्या खोलीत. आत्ता आणवतो.”

“एका पंगतीला दोन तऱ्हेचं वाढायचं?” हौसा म्हणाली. “मशीन पुन्हा रुसेल. पंक्तिप्रपंच कुणाला आवडतो?”

“खरं आहे,” राजा म्हणाला. “आणि रंगराव, डिझेल तर एकच ना?”

“एकच, महाराज. अगदी एकच.”

“मग झालं तर.” राजाने मोटारीच्या टाकीचे झाकण उघडले.

रंगरावांच्या कपाळावर घाम फुटला. “निदान फडक्यातून गाळून...”

“पंगतीत कुणी गाळून वाढतं का?” राजाने नळी टाकीत घातली. आता फक्त पिंपाची चावी फिरवायची होती.

रंगरावांनी झडप घालून नळी दोन्ही हातांनी बाहेर ओढली. “नको, महाराज! मोटार जागच्या जागी बंद पडेल!”

सनईवाला मध्येच थांबला.

“का बंद पडेल?” राजाने विचारले.

रंगरावांनी नळी पाठीमागे धरली. राजाने त्यांच्याकडे पाहिले, पिंपाकडे पाहिले, मग हौसाकडे वळून डोळे वटारले.

“कारभाऱ्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं बजावलं होतं.”

“मी कुठं काढलं? मी मानाचं पान मांडलं. ते त्यांनीच मागं ओढलं.”

“गोदामात डोकवायचं नव्हतं.”

“आम्ही नाही गेलो, महाराज. गोदामच पंगतीला आलं.”

राजाने मिशीआड ओठ दाबून धरले. मोटारीचे पिंप आणवले गेले. लिंबाजीने मशीनच्या टाकीची खालची तोटी सोडली, आणि नव्या तळ्यात पहिले पाणी पडले ते हे. टाकीत चांगले डिझेल गेले. इंजिन खाकरले, मग दणदणीत सुरू झाले. आकडा पुसला तो पुन्हा उमटला नाही.

“आज गेला,” राजा म्हणाला. “पण उद्या परत येणार नाही कशावरून?”

“रोज दोघांना एकाच पिंपातून वाढा, महाराज,” हौसा म्हणाली. “तुमच्या मोटारीचं पोट बिघडू नये म्हणून अख्खा दरबार जपतो. त्यात मशीनचंही भागेल.”

राजा इतका हसला, की इंजिनाच्या आवाजातही ते खड्ड्याच्या पलीकडच्या मजुरांना ऐकू गेले. हसता हसताच त्याने गोदाम हौसाच्या हवाली केले, आणि तळ्याकाठचे पहिले घर लिंबाजीच्या नावावर लिहायला सांगितले.