बाहेरची गाडी

म्हाताऱ्यानं गाडीचं वाटोळं केलं म्हणता? कुणी सांगितलं तुम्हाला? सांगणारा त्या दिवशी तिथं होता का? नव्हता. शेठ बोंबलला तेवढं ऐकलं आणि बाजारभर फिरवलं. आता झाली ती सगळी गोष्ट ऐका, मग तोंड उघडा.

एकदा एक गाडी होती, आणि निफाडाच्या अंगाला तिच्या मालकाचा द्राक्षाचा मळा होता. गाडी लालभडक. बसायला जागा फक्त दोघांना. समुद्रापलीकडून बोटीत बसून आली आणि मळ्यात आली ती ट्रकच्या पाठीवर बसून, कारण आपल्या कच्च्या रस्त्यावर तिचं पोट घासायचं. शेठ नाशकात राहायचा. बंगल्यापुढं आधीच दोन गाड्या, म्हणून ही मळ्यातल्या शेडात ठेवली. शेड म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरायची जागा. पक्क्या भिंती, खाली फरशी, लोखंडी दार, दारावर पाटी: बाहेरच्यांना मनाई. माल निघायला अजून अडीच महिने होते, तोवर तिथं गाडीचा मुक्काम.

मळा सांभाळायला रंगनाथ होता. शेठ त्याला बजावून गेला, "हिला हिवाळाभर बाहेर काढायची नाही. दवानं रंग जातो. गारठा बाधतो तिला."

गारठा बाधतो! लोखंडाला!

आणि गारठा तरी कसला त्या साली. सकाळी ठिबकच्या नळ्यांवर बर्फाची साय धरायची. त्याच थंडीत घड विरळायला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, सुरगाण्याकडून बारा माणसांची टोळी आली. तिला जागा कुठं? बांधावर. चार काठ्या, त्यावर काळा प्लास्टिकचा कागद, झालं घर. मोतीराम गावित नावाचा टोळीचा मुकादम, त्याची बायको सोनी, आणि सोनीचं तीन महिन्यांचं पोरगं.

पाचव्या दिवशी पोराची छाती घरघरायला लागली. दूध ओढेना. रंगनाथनं मायलेकरांना मोटारसायकलवर बसवलं आणि सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईनं सुई टोचली, औषध दिलं, आणि रंगनाथवरच खेकसली, "औषध मी देईन हो, पण कागदाच्या पालात हे लेकरू जगायचं नाही. भिंत आणि दार असलेली जागा बघा. आजच्या आज."

रंगनाथची स्वतःची खोली पत्र्याची, चारी बाजूंनी वारा शिरणारी. भिंत आणि दार असलेली जागा मळ्यात एकच. त्यानं शेठला फोन लावला.

"शेठ, टोळीला शेडात घेऊ का? लेकरू लई आजारी आहे."

"डोकं फिरलं का तुझं? आत गाडी आहे. आणि दारावरची पाटी तूच रंगवली ना? काय लिहिलंय? बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही म्हणजे नाही. बाहेरचे बाहेर."

फोन बंद.

रंगनाथ तसाच सखाहरी बाबाकडं गेला. सखाहरी बाबा ऐंशीच्या पुढचा. शेठच्या बापाच्या मळ्यात पहिली वेल यानं लावली, आणि रंगनाथच्या हातात छाटणीची कात्री यानंच दिली. काडीवरचा कुठला डोळा ठेवायचा, कुठला काढायचा, हे रंगनाथ त्याच्याकडून शिकला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं, पायात चपला सरकवल्या आणि शेडापर्यंत चालत आला. दारावरची पाटी दोनदा वाचली.

"शेठ काय म्हणला, पुन्हा सांग."

"बाहेरचे बाहेर."

"बरोबर म्हणला. काढ गाडी बाहेर."

रंगनाथला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी आलं. "बाबा, गाडी नाही. माणसांचं म्हणू राहिले ते."

"मी शेठच्या शब्दाबाहेर पाऊल टाकत नाही. काढ."

"माझी नोकरी जाईल ना बाबा!"

"जाईल तर जाईल. काढतो का मी ढकलू?"

ऐंशीचा माणूस गाडीच्या मागं जाऊन खरंच हात लावून उभा राहिला. रंगनाथला राग आला शेठचा, राग आला म्हाताऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त राग आला स्वतःचा, की अजून विचार करू राहिलो. त्यानं किल्ली फिरवली. गाडी बाहेर निघाली आणि बाभळीखाली उभी राहिली. दिवस मावळायच्या आत बारा माणसं आणि एक लेकरू फरशीवर, भिंतीच्या आड.

गाडी त्या बाभळीखाली तीन आठवडे राहिली. दव पडलं, शेंगा पडल्या, साळुंक्यांनी टपावर रांगोळी काढली. उंदरांनी आतल्या वायरी खाल्ल्या. पोरगं आठव्या दिवशी पोटभर प्यायलं. विसाव्या दिवशी ते रडलं तर बागेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं, एवढी त्याची छाती भरली.

मग शेठ आला. गाडी बघितली आणि असा ओरडला, की विरळणी करणाऱ्या बायांचे हात वेलीवरच थांबले.

"कुणी काढली ही बाहेर? रंग्या, तुला हाकलला समज!"

"मी काढायला लावली," सखाहरी बाबा पुढं आला. "तुझीच पाटी वाचून."

"बाबा, तुमच्या वयाकडं बघून गप्प बसतो हां, नाहीतर..."

"नाहीतर काय? मारशील? मार. पण आधी पाटी वाच. वाच ना! बाहेरच्यांना मनाई. आता सांग, बाहेरचं कोण? ही तुझी गाडी सात समुद्र ओलांडून आली. हिला आपली माती ठाऊक नाही, आपला रस्ता चालत नाही, आपली बोली कळत नाही. आणि ही सोनी? दोन तालुके सोडून घर तिचं. तुझा कलेक्टर तोच तिचा कलेक्टर. तुझ्या बागेतला एक घड दाखव तिच्या बोटांतून न गेलेला. बाहेरची सोनी, आणि घरची गाडी होय रे? मी तुझा कायदा मोडला नाही. पहिल्यांदा कुणी तो नीट पाळला असेल तर मीच."

सोनी लेकराला पदराआड घेऊन दारात उभी होती, आता सामान उचला म्हणतील म्हणून गाठोडं आधीच बांधलेलं. शेठनं गाठोडं बघितलं. लेकराकडं बघितलं. मग खाली बघितलं.

रंगनाथ तिथंच उभा होता. त्याला उमगलं, की ती पाटी शेठनं फक्त सांगितली होती. रंगवताना अक्षरं वळणदार यावीत म्हणून जीभ दातात धरून बसला होता तो स्वतः. आणि अकरा वर्षं आल्यागेल्या प्रत्येक टोळीला बाहेरचे म्हणत आला होता, तोही तोच.

शेठ रंगनाथकडं वळला. आवाज पार उतरलेला. "रंगनाथ, गाडीवर ताडपत्री टाक. आहे तिथंच राहू दे."

सोनीनं गाठोडं सोडलं.

झाली ही गोष्ट. आता हसा, म्हाताऱ्याला येडा म्हणा, गाडीच्या रंगासाठी रडा. पण तुमच्याही बांधावर आज पालं आहेत, मी येताना बघितली, आणि तुमच्या शेडात रिकाम्या पेट्या झोपल्यात. मला मान डोलावून दाखवू नका. उठा. कुलूप काढा. माणसं आत घ्या. आज, दिवस मावळायच्या आत.