बिनआवाजाचा व्हिडिओ

"मग चूक कुणाची, अप्पा? तेवढं एक सांगा. ॲप बनवणाऱ्याची, का माझ्या आईची?"

मठाचे स्वामी अप्पा ओसरीवर परातीत डाळ पसरून खडे निवडत होते. मान वर न करताच म्हणाले,

"जेवलास का?"

"मी काय विचारतोय अप्पा, आणि तुम्ही..."

"मीपण विचारतोयच की."

मन्मथ बिराजदार पुण्याहून थेट मठात आला होता. ओठ सुकलेले. बॅग अजून पाठीवरच. मठात येईल त्यानं आधी जेवायचं आणि मग बोलायचं, ही तिथली जुनी रीत. लहान होता तेव्हा आईच्या मांडीवर बसून याच ओसरीवर तो जेवला होता. आता रीत विसरला होता, किंवा आठवत असून थांबवत नव्हतं त्याला.

पुण्यात त्याचं काम असं, की ॲपमधलं बटण कुठं असावं, केवढं असावं, कुठल्या रंगाचं असावं, ते ठरवायचं. आणि काम सुटलं की त्याच गोष्टीवर नेटवर लोकांशी भांडायचं. हजारो लोक त्याचं भांडण वाचायचे.

आणि त्याची आई, कलावती, महिना झाला या मठात येऊन राहिली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायची. फोन घरीच ठेवून आली होती. लेकाशी एक शब्द बोलत नव्हती.

तो तिला न्यायला आला होता. पण तोंडातून पहिला निघाला तो हा प्रश्न.

"ॲप बनवणाऱ्याची चूक," अप्पा म्हणाले.

इतक्या लवकर उत्तर मिळेल असं मन्मथला वाटलं नव्हतं. तो सरसावून बसला.

"तेच म्हणतोय मी! मग तिला सांगा ना. मी तिच्याच बाजूनं भांडलो, अप्पा. तिकडं बेंगळुरूचा एक आहे. कधी भेटलो नाही त्याला, नुसती नेटवरची ओळख. तो म्हणतो, दोष बटणात नाही, म्हाताऱ्या माणसांना शिकवा. मी म्हणतो, बटणच चुकलंय."

"कसं?"

"हिरवं सरकवलं की फोन उचलला जातो. बरोबर? पण उचलल्या उचलल्या तिथंच लाल बटण येतं. त्याच बोटाखाली. म्हातारं माणूस बोट पटकन उचलत नाही हो. जरा थांबतं. थांबलं की फोन कट."

"खरं आहे."

"पण तो मानंना. त्याच्या बाजूनं शंभर जण, माझ्या बाजूनं शंभर जण. दोन पंथच पडलेत आमच्यात. रोजची शिवीगाळ."

"बटणावरून?"

"बटणावरून."

अप्पा हसले. "आमच्यात गंध उभं का आडवं, यावरून डोकी फुटलीत. तुम्ही आमचीच लेकरं."

मन्मथला हसू आलं नाही.

"शेवटी तो म्हणाला, पुरावा दे."

"मग?"

"मग दिला."

अप्पांनी एक खडा बाजूला ठेवला.

"कुठनं आणलास?"

...

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप, थप. एकसारखा.

"घरी आलो होतो," मन्मथ म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "आईचा फोन वाजला."

"कुणाचा होता?"

"...नागूमावशीचा."

नागू म्हणजे कलावतीची पाठची बहीण. तेव्हा सोलापूरला दवाखान्यात होती. दोघी बहिणींचं रोज बोलणं व्हायचं, बोलवेल तेवढं.

"मी समोरच बसलो होतो. आईला सरकवायचं जमंना. नुसती दाबत होती. आमच्या कामात एक नेम आहे, अप्पा. माणूस वापरताना अडला तरी मधे पडायचं नाही. सांगायचं नाही, दाखवायचं नाही. गप बघायचं. मधे पडलं की खरं काय ते कळत नाही."

"चांगला नेम आहे."

"चेष्टा करू नका."

"चेष्टा कशाला करू? आमच्या गुरूंनी आम्हाला तेच शिकवलं. शिष्य अडला तरी लगेच हात धरू नको म्हणून. मग? तू गप बसलास."

"गप बसलो... आणि शूटिंग केलं."

"आणि ती?"

"तिला वाटलं, मी माझ्या फोनमधे काहीतरी बघतोय."

अप्पांनी परात जरा हलवली.

"मी नंतर लगेच लावून दिला, अप्पा! परत परत लावला. तिकडनं कुणी उचललाच नाही. मला काय माहीत, मावशी त्याच संध्याकाळी..."

तो थांबला. बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसला.

"पण जिंकलास," अप्पा म्हणाले.

"म्हणजे... हो. तो बेंगळुरूचा गप झाला. सगळ्यांसमोर माफी मागितली त्यानं. आणि त्या कंपनीनं लिहून कळवलंय, पुढच्या अपडेटला लाल बटण तिथनं हलवतो म्हणून. आता कुणाच्याच आईचा फोन असा कट होणार नाही. हे काय कमी आहे का? तुम्हीच सांगा."

"कमी नाही."

"मग ती बोलत का नाही माझ्याशी?"

"तिनं कुठं बघितला तुझा पुरावा?"

मन्मथनं मान खाली घातली.

"मावशीच्या दिवसात. बायका भेटायला आल्या होत्या. शेजारची सूनबाई कौतुकानं दाखवत होती. म्हणे, काकू, हा तुमचाच हात की हो, बांगड्यांवरनं ओळखला, किती लोकांनी बघितलाय बघा. आणि खाली हसण्याचे चेहरे."

"कसले चेहरे?"

"असतात, अप्पा. पिवळे. हसून हसून डोळ्यात पाणी आलेले. लोक टाकतात."

"पाणी तरी आहे ना डोळ्यात?"

"हसण्याचं."

"हां."

...

"दाखव," अप्पा म्हणाले.

मन्मथनं फोन पुढं धरला. अप्पांनी डोळे बारीक केले. सुरकुतलेला हात. हिरव्या बांगड्या. बोट काचेवर दाबतंय, उचलतंय, पुन्हा दाबतंय. खाली कसलं तरी नाचरं गाणं वाजत होतं.

"हे गाणं तिथं वाजत होतं?"

"नाही. मी घातलं. मूळचा आवाज काढून टाकला."

"का रे?"

"आवाजात आई मला हाका मारत होती. लोकांना वाटलं असतं, बाई मदत मागतेय आणि पोरगं बघत बसलंय. मुद्दा भलतीकडंच गेला असता."

"मुद्दा..." अप्पा म्हणाले.

त्यांनी परात बाजूला सारली.

"मूळचा आहे का?"

"आहे. माझ्या फोनमधे. पण तो कशाला..."

"लाव."

"अप्पा, नको ना."

"पुरावा म्हणालास. अर्धा बघून कसा निकाल देऊ?"

मन्मथनं इकडंतिकडं बघितलं. मग लावला.

फोन वाजायला लागला. म्हणजे आतला, व्हिडिओतला. मठाच्या दगडी ओसरीत तो खऱ्यापेक्षा मोठा वाजला. मागून कलावतीचा आवाज, घाईचा, कामातून उठून आलेल्या बाईचा.

"आले गं नागू, आले. थांब जरा... अगं बाई, हे का उचलंना... बाळा, हे बघ की रे. मन्मथा... बघ की, नागूचा आहे..."

रिंग. रिंग.

मग रिंग थांबली. कलावतीला कमी ऐकू यायचं, तिचा फोन कायम स्पीकरवर असायचा. त्यातून एक बारीक, दम लागलेला आवाज आला.

"आक्का..."

आणि कट.

आतली थपथप थांबली होती.

कलावती दारात आली. पळतच आली. हाताला ओलं पीठ, पदर खांद्यावरून घसरलेला.

"नागू?" ती म्हणाली.

तिनं अप्पांकडं बघितलं. लेकाकडं बघितलं. मग त्याच्या हातातल्या फोनकडं. चेहऱ्यावर आलेलं सगळं हळूहळू निघून गेलं.

"आई..." मन्मथ उठला.

ती त्याच्याकडं बघत नव्हती. फोनसमोर खाली बसली. पिठाचे हात फोनला लागू नयेत म्हणून बाजूला धरले.

"परत लाव."

महिन्यातला पहिला शब्द.

"आई, नको ना गं. कशाला..."

"लाव म्हणलं ना."

त्यानं लावला. तिनं डोळे मिटले. स्वतःचा आवाज आला तेव्हा ती तशीच बसून राहिली, दुसरंच कुणी बोलत असल्यासारखी. लेकाला मारलेल्या हाका आल्या तेव्हाही हलली नाही. बारीक आवाज आला, "आक्का..."

"काय गं," कलावती म्हणाली.

कट.

मन्मथनं तोंडावर हात धरला.

चुलीकडून भाकरी करपल्याचा वास यायला लागला. कलावतीनं डोळे उघडले. पदर मनगटानं वर सारला. उठताना गुडघा धरून उठली, आणि उठता उठता पहिल्यांदा लेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"ह्याला वाढते, अप्पा," ती म्हणाली. "उपाशी दिसतोय."

आत गेली.

"बोलली," मन्मथ म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "अप्पा, बोलली ती. वाढते म्हणाली."

"म्हणाली."

"मी काय केलं हे, अप्पा. पुरावा पुरावा करत... तिचा चेहरा बघितलात? कशी पळत आली... लाव म्हणलं म्हणून मी लावला. मी नको म्हणायला पाहिजे होतं."

अप्पांनी परात पुढं ओढली. पुन्हा निवडायला लागले.

मन्मथनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. फोन हातात घेतला. अंगठे चालायला लागले, भराभरा. त्या कामात तो तरबेज होता. मधेच थांबायचा, काहीतरी वाचायचा, पुन्हा अंगठे.

"काय करतोस रे?"

"थांबा जरा, अप्पा."

आत ताट मांडल्याचा आवाज आला. वाटी ठेवल्याचा. तांब्यात पाणी ओतल्याचा.

मन्मथनं फोन ओसरीवर पालथा ठेवला. लांब श्वास सोडला. मास्तरांची शाबासकी घेऊन घरी आलेल्या लेकरासारखा चेहरा झाला होता त्याचा.

"पुसला, अप्पा."

"काय पुसलास?"

"मूळचा व्हिडिओ. फोनमधला पुसला, कचऱ्याच्या डब्यातला पुसला, क्लाउडवर होता तिथनंही पुसला. लोक नुसतं डिलीट करतात, त्यांना वाटतं गेला. तसं नसतं. मला येतं ते. आता खुद्द मला आणू म्हणलं तरी परत आणता यायचा नाही."

अप्पांचा हात डाळीतच राहिला.

"लोकांच्या फोनमधे फिरतोय तो फिरेल," मन्मथ म्हणाला, "त्याला माझा इलाज नाही. पण त्यात आवाज नाही, गाणं आहे. आवाज होता तो एवढ्यातच होता. आता तिला ते कधीच ऐकावं लागणार नाही."

...

"मन्मथा!" आतून हाक आली. हाकेत जुनी माया होती, लेकराला जेवायला बोलवायची. "ये, ताट वाढलंय. आणि बाळा, येताना तो फोन घेऊन ये आत."

मन्मथनं फोनकडं बघितलं.

मग अप्पांकडं.

त्याचा चेहरा उतरत गेला. फोन उचलायला हात पुढं झाला आणि मधेच राहिला.

"अप्पा... तुम्ही चला ना संगं."

अप्पांनी त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. खाली ठेवली.

"जा लेकरा. आई बोलावतीय."