कोयाईचं पान

एका राज्यात, जिथे नदी समुद्राच्या दारापर्यंत जाई आणि भरतीच्या भयाने पुन्हा मागे वळे, तिथे कावळे पितरांच्या पानाला शिवत नसत. पितृपंधरवडा येई, घरोघरी खीर आटे, वडे तळले जात, आमसुलाची चटणी वाटली जाई, घाटावर पानं मांडली जात. कावळे झाडावर बसत, मान वाकडी करून बघत आणि तसेच बसून राहत. मग गावचे भटजी दर्भाचा कावळा करीत, तो पानाला टेकवीत आणि म्हणत, "शिवला हो, शिवला. चला, घरी पानं वाढा." लोक घरी जाऊन जेवत. पितर उपाशी राहत.

असं का झालं, ते ऐका.

फार मागे त्या राज्यावर सोमवर्मा नावाचा राजा होता. समुद्रापलीकडून गलबतं आली. गलबतांत क्रूस होता, घंटा होती, लांब झग्यांचे पाद्री होते. त्यांनी राजाला ख्रिस्ताचं नाव सांगितलं. नावात काही वाईट नव्हतं. पण गलबतांत तोफाही होत्या, आणि राजाला तोफा हव्या होत्या. त्याने डोक्यावर पाणी घेतलं आणि दवंडी पिटवली : जो राजाचा देव तोच प्रजेचा देव, जुने देव डोहात टाका.

पुष्कळ लोक नव्या देवाकडे गेले. कोणी भयाने गेलं, कोणी मनाने, कोणी पोरांच्या तोंडाकडे बघून. पण घाटावर सातविणीच्या झाडाखाली ग्रामदेवीची शिळा होती, तिच्याभोवती काही माणसं हातात हात धरून उभी राहिली. त्यांच्यात कोयाई नावाची म्हातारी होती. शिपायांनी शिळा ओढून डोहात लोटली. माणसं त्या रिकाम्या जागेभोवती उभीच राहिली.

राजा म्हणाला, "म्हातारे, देवी गेली. आता कुणासाठी उभी आहेस?"

कोयाई म्हणाली, "जागा तिची आहे, महाराज. ती राखते."

राजाचा एक जादूगार होता, काळनाभ. तो जुन्या देवाचा नव्हता, नव्याचाही नव्हता. ज्याची थैली जड त्याचा होता. राजाने खूण केली, काळनाभाने हात उचलला. "उभंच राहायचंय? मग उभेच राहा." ती माणसं होती तिथे पाषाण झाली. काळनाभ पुढे म्हणाला, "यांची नावं जो उच्चारील त्याची जीभ दगडाची होईल. आणि यांच्या पानाला कावळा शिवेपर्यंत यांचा दगड यांच्या वंशात उतरत राहील."

राजा गेला, त्याचे नातू-पणतू गेले, शाप राहिला. प्रत्येक पिढीत गावातलं एखादं लेकरू पायाकडून गार पडू लागे, आणि दिवाळीच्या आत पाषाण होई. लोक रडत, त्या दगडाला हळदकुंकू वाहत आणि कोनाड्यात ठेवत.

त्या गावात देवकाई नावाची एक बाई होती. सोमवार करी, चातुर्मासात एकभुक्त राही, कुणाला टाकून बोलत नसे. तिला एकच लेक, पवळा. भाद्रपदात एका सकाळी पवळा म्हणाली, "आई, माझे पाय कुठे गेले? मला जाणवत नाहीत." देवकाईने पांघरूण काढलं. पावलं काळ्या पाषाणाची झाली होती.

सासूबाई दाराशी बसल्या आणि म्हणाल्या, "कोनाडा सारवून ठेव."

"सासूबाई, असं बोलू नका हो."

"मग कसं बोलू? माझी नणंद अशीच गेली. तिला उचलून कोनाड्यात मीच ठेवली. सगळी व्रतं करून झाली, बाई. देव ऐकत नाही, कारण आपला देव डोहात आहे."

देवकाई उठली. ती घाटावर गेली. कोयाईच्या पाषाणी डोक्यावर एक म्हातारा कावळा बसला होता. तिने पदर पसरला. "कावळेदादा, पानाला का शिवत नाही?"

कावळा म्हणाला, "तुम्ही कुणाला वाढता ते सांगत नाही. बिननावाचं अन्न आम्हाला चालत नाही. आणि गवताचा कावळा करून तुम्ही आमचा अपमान करता, तो वेगळाच."

"मग काय करू?"

"तीन गोष्टी आण. देवी बुडवली त्या डोहाचं पाणी. यांच्या शेवटच्या पेरणीतलं भात. आणि यांची नावं."

देवकाई डोहाशी गेली. तिथे पाठीवर शेवाळ चढलेली एक मगर होती. मगर म्हणाली, "देवी माझ्या पोटाखाली निजली आहे. पाणी ने. तिला मागू नकोस."

"ती पुन्हा वर येणार नाही का?"

"नाही. बदल्यात तुझ्या केसांचा काळा रंग ठेवून जा."

देवकाईने कळशी बुडवली. केस पांढरे झाले. घरी येऊन बघते तो पवळा गुडघ्यांपर्यंत दगड.

मग ती राजाच्या पडक्या कोठारात गेली; त्या माणसांच्या घरांतलं धान्य तिथेच नेलं होतं. तिथे सोन्याच्या राशीवर काळनाभ बसला होता. त्याला मरण येत नव्हतं. तो सोन्याची नाणी चावीत होता आणि भुकेने रडत होता.

"सोनं ने, बाई," तो म्हणाला. "पोरगी काय, दुसरी होईल."

"तुला लेकरू नाही, म्हणून असं बोलतोस. मला भात दे. त्यांच्या घरांतून ओढून आणलंस ते."

काळनाभाने सोन्याखालून मूठभर भात काढलं. "शाप देताना वाटलं होतं, कोणीतरी वर्षा-दोन वर्षांत मोडेल. कुणी आलंच नाही. माझी तेवढी सुटका कर." देवकाईला त्याची कीव आली, पण बोलायला वेळ नव्हता. भात घेऊन ती निघाली. पवळा कमरेपर्यंत दगड झाली होती, आणि आता ती रडतही नव्हती.

नावं कुठे मिळणार? गावात ती कुणालाच ठाऊक नव्हती. कावळा म्हणाला, "नदीपलीकडे क्रूसाच्या वाडीत पास्कीण नावाची बाई राहते. तिला विचार."

देवकाई थबकली. "बाटलेल्यांकडे? आमच्या पितरांची नावं?"

"विचारून तर बघ," कावळा म्हणाला.

पास्कीण अंगणात भात कांडत होती. देवकाईचे पांढरे केस आणि तरुण तोंड बघून तिने मुसळ खाली ठेवलं. म्हणाली, "आलीस? फार उशीर केलात गं तुम्ही लोकांनी."

"तुम्हाला ती नावं कशी ठाऊक, बाई?"

"घाटावर ती म्हातारी उभी आहे ना, तिची लेकीच्या वयाची धाकटी बहीण तानाई, ती आमच्या घराण्याची मूळबाई. त्या दिवशी तीही फेऱ्यात उभी होती. काखेत तान्हं होतं. थोरलीनेच तिचा हात सोडला. म्हणाली, तू जा, पोर जगव. तिने डोक्यावर पाणी घेतलं, पोर जगवलं. आणि मृतांच्या दिवशी मेणबत्ती लावून या सगळ्यांची नावं घेत राहिली. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. शाप आवाजाला आहे. आई लेकीला शिकवते, लेक तिच्या लेकीला."

पास्कीणने ओठ हलवले. देवकाईने बघून बघून नावं शिकून घेतली. निघताना पास्कीण म्हणाली, "मीही येऊ का घाटावर? काही मागत नाही. बसेन नुसती."

देवकाईची मान खाली गेली. "लांबून बघा, बाई. पानाजवळ आलात तर गाव माझं पान उधळील."

"बरं," पास्कीण म्हणाली. जणू तिला हेच उत्तर ठाऊक होतं.

सर्वपित्री अमावास्या आली. देवकाईने त्या भाताचा तांदूळ डोहाच्या पाण्यात शिजवला. पवळाला पाठीवर घेऊन ती घाटावर आली. पोर गळ्यापर्यंत दगड झाली होती. वाटेत देवकाईच्या पाठीला जखमा पडल्या. सारं गाव जमलं. भटजींनी सवयीने दर्भ काढला. देवकाईने तो हातातून घेऊन नदीत टाकला.

"अहो, खुळावली ही!" सासूबाई ओरडल्या.

देवकाईने पान मांडलं आणि मोठ्याने नावं घेतली. "कोयाई. रवळू गुरव. सटवा कुंभार. मालू. धाकटी हौसा." एकेका नावाला तिची जीभ जड होत गेली. शेवटच्या नावाबरोबर जीभ दगड झाली.

कावळा खाली उतरला. पानाजवळ आला. बघितलं, आणि मागे सरला.

गाव सुस्कारलं. पितरांची राहिलेली इच्छा पुरी करू असं कबूल करायला देवकाईकडे आता वाचा नव्हती. मग लोकच बोलू लागले. "देवी वर काढू!" कावळा हलला नाही. "क्रूसाची घंटा उतरवू, सूड घेऊ!" कावळ्याने पाठ फिरवली. "देऊळ बांधू, सोन्याचा कळस चढवू!" कावळा उडून फांदीवर गेला. पवळाची हनुवटी काळी पडली.

देवकाई कोयाईच्या पाषाणाकडे बघत राहिली. इतकी वर्षं सगळ्यांनी तिचं तोंड पाहिलं होतं. देवकाईने हात पाहिले. एका बाजूला कोयाईचा हात रवळू गुरवाच्या हातात होता. दुसरा रिकामा होता, आणि तो अजून पुढे केलेला होता, कुणाला तरी वाट देताना राहावा तसा. त्या बाजूला फेऱ्यात एका माणसाची जागा मोकळी होती.

देवकाई उठली. दुसरी पत्रावळ घेतली, आपल्या पानातलं निम्मं अन्न तिच्यात वाढलं आणि ती त्या मोकळ्या जागेत मांडली. मग घाटाच्या टोकाला गेली, तिथे लांबून बघणाऱ्या पास्कीणचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत तिला त्या पानाशी आणून बसवलं.

"पान उधळा ते!" कोणीतरी ओरडलं. पण सगळ्यांआधी सासूबाईच पुढे झाल्या आणि पानांना पदराचा आडोसा करून बसल्या. "उधळा बघू," म्हणाल्या. "माझी नणंद कोनाड्यात आहे. आणखी किती पोरं ठेवू?"

कोणी पुढे आलं नाही. पास्कीणने पहिल्यांदाच सगळ्यांदेखत मोठ्याने नाव घेतलं. "तानाई," ती म्हणाली. "हे पान तानाईसाठी." तिची जीभ जागच्या जागी राहिली, कारण तानाईचं नाव कुणी शापलंच नव्हतं. ते लोकांनी आपणच टाकलं होतं.

कावळा उतरला. आधी तानाईच्या पानाला शिवला, मग कोयाईच्या.

पडक्या कोठारात काळनाभ आडवा झाला आणि मेला. घाटावरचे पाषाण वाळू होऊन शांतपणे नदीत उतरले. कोनाड्यांतली लेकरंही वाळू झाली. ती परत आली नाहीत. सासूबाईंनी आपल्या कोनाड्यातली वाळू ओंजळीत घेतली आणि पुष्कळ वेळ सोडली नाही. देवी डोहातच राहिली. देवकाईचे केस पांढरेच राहिले. पण तिची जीभ सुटली, आणि पवळा म्हणाली, "आई, भूक लागली." डाव्या पायाचं एक बोट तेवढं तिला जन्मभर गार राहिलं.

आता त्या राज्यात दर्भाचा कावळा कोणी करत नाही. सर्वपित्रीला दोन पानं मांडतात : जे उभे राहिले त्यांचं एक, जे गेले त्यांचं एक. पलीकडच्या वाडीत मृतांच्या दिवशी मेणबत्त्या लागतात आणि नावं आता मोठ्याने घेतली जातात. कोयाईला जसं उशिरा का होईना पान मिळालं, तसं तुमच्या-आमच्या विसरलेल्यांना मिळो. कावळा शिवो, लेकरं धावोत.