न उचललेलं पान

कोळवडीचे इनामदार रंगराव पत्त्यांत कधी हरले नव्हते, आणि त्याचा त्यांना मोठा ताठा होता. त्यांनी गावाच्या गायरानाला कुंपण घातलं, तेव्हा जनावरांची उपासमार सुरू झाली. गावकरी विनवायला गेले, तर म्हणाले, "डावात जिंका आणि घेऊन जा."

म्हाकू धनगर खेळला आणि हरला. त्याची बायको साळू सदरेच्या दाराशी बसून सगळं पाहत होती. दुसऱ्या दिवशी तीच खेळायला बसली.

डाव पाच पानांचा होता. चार पानं उघडी आणि एक पालथं, जे ज्याचं त्यानेच बघायचं. ज्याची पानं भारी तो जिंकणार. धीर सुटला तर पानं टाकून हार मानायची. उघडी पानं दोघांची सारख्याच तोलाची आली. काल म्हाकूच्या मागे होता तसाच, इनामदारांचा कारभारी पानदान घेऊन साळूच्या मागे उभा राहिला. साळूने पालथ्या पानाला हातच लावला नाही.

"पान बघ की," रंगराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, सरकार. हरले तर आमची समदी मेंढरं तुमची. जिंकले तर गायरान आन् नदीकाठचा मळा बी आमचा. आत्ताच पानं टाकली, तर नुसतं गायरान सोडा."

रंगरावांनी तिच्या खांद्यावरून कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी खाली बघत राहिला. बऱ्याच वेळाने रंगरावांनी पानं टाकली.

"आता तरी सांग, कोणतं पान होतं?"

"मला ठाव न्हाई, सरकार," साळू शांतपणे म्हणाली. "मी बघितलं असतं, तर तुमाला बी कळलं असतं."

इनामदारांनी आपल्याच गड्यांकडून कुंपण काढवलं.